दगड आधी, यंत्र नंतर: भूविज्ञानाच्या कामासाठी सरकारी निधी, प्रशिक्षण आणि प्रयोगशाळा कशी मिळवायची

प्रस्ताव मागवणारी जाहिरात कुठल्याही खात्याची निघो, मला दोन-चार फोन ठरलेले. "सर, विभागासाठी एक्सआरडी घ्यायचंय. प्रस्ताव कुठे टाकू?" एक्सआरडी म्हणजे क्ष-किरणांनी खनिजं ओळखणारं यंत्र. मी विचारतो, कशासाठी हवंय? पलीकडे क्षणभर शांतता. मग उत्तर येतं, "म्हणजे... लागतंच ना सगळ्यांना."

ही सुरुवातच उलटी आहे. भूविज्ञानासाठी सरकारी मदत आपल्याकडे बरीच आहे आणि ती एका खात्यात नाही, सहा-सात खात्यांत विखुरलेली आहे. ती मिळते नमुन्यापासून सुरुवात करणाऱ्याला. दगड कुठला, त्यात मोजायचं काय, ते मोजणारं यंत्र देशात कुठे आहे, ते वापरायला कोण शिकवेल, आणि एवढं करूनही कमी पडतं ते काय? निधी मागायचा तो या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरासाठी. हा क्रम पाळला की अर्धी कामं निधीशिवायच होऊन जातात, आणि उरलेल्यांचा प्रस्ताव लिहिणं सोपं होतं.

खाली सगळीकडे एकच उदाहरण घेतो. सह्याद्रीच्या कुठल्याही घाटात रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात काळ्या बेसाल्टच्या दोन थरांमध्ये हातभर-दोन हात जाडीची तांबडी पट्टी दिसते. आपल्यात तिला 'रेड बोल' म्हणतात. लाव्हाचे दोन लोट येऊन गेले त्यामधल्या काळात तिथे माती तयार झाली, की ज्वालामुखीची राख पडून ती कुजली, यावर अजून वाद आहेत. समजा, जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातल्या एका प्राध्यापिकेला यावर काम करायचं आहे. विभागात दोन जुने सूक्ष्मदर्शक आहेत, दगड कापायची करवत आहे आणि बाकी उत्साह.

पहिली पायरी: मोजमापाचा कागद

एक कोरा कागद घ्या आणि त्यावर चार रकाने आखा: प्रश्न, मोजमाप, नमुन्यांची संख्या, यंत्र. रेड बोलसाठी हा कागद साधारण असा भरेल.

माती की राख, हे कळायला आतली चिकणमातीची खनिजं ओळखावी लागतील. ते काम एक्सआरडीचं, आणि नुसतं पावडर ठेवून भागत नाही. बारीक कण पाण्यात वेगळे करून काचेवर थर द्यावा लागतो, मग त्याला ग्लायकॉलची वाफ देऊन पुन्हा वाचन घ्यावं लागतं. स्मेक्टाइट असेल तर त्याच्या थरांमधलं अंतर पंधरा अँगस्ट्रॉमवरून सतरापर्यंत फुगतं, केओलिनाइट जागचं हलत नाही. म्हणजे एका नमुन्याची किमान दोन वाचनं. कुठली मूलद्रव्यं धुऊन गेली आणि कुठली राहिली, यासाठी एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणारं यंत्र. दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांसाठी आयसीपी-एमएस, म्हणजे मूलद्रव्याचं अगदी थोडं प्रमाणही मोजणारं यंत्र. आणि मातीची मूळ रचना, मुळांच्या खुणा दिसतात का हे पाहायला पातळ छेद, म्हणजे ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत घासलेली दगडाची चकती. हे शेवटचं काम विभागातच होईल, पण मऊ रेड बोल करवतीखाली भुगा होतो, म्हणून आधी त्यात रेझिन मुरवावं लागतं.

तीन घाट, प्रत्येकी आठ नमुने: चोवीस. त्यात तीन दुबार नमुने आणि तीन प्रमाणित संदर्भ नमुने मिळवले की तीस. हा तीसचा आकडा पुढे सगळीकडे कामाला येतो: प्रयोगशाळेचं शुल्क, रसायनं, प्रवास, आणि समितीपुढचं उत्तरही.

कालमापन करायचं असेल तर इथेच सावध व्हा. कार्बन-१४ ची मजल जेमतेम ५०,००० वर्षांपर्यंत. दख्खनचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांहून जुना, त्याला आर्गॉन-आर्गॉन पद्धत, किंवा झिरकॉन हे खनिज सापडलंच तर युरेनियम-शिसं पद्धत. नदीकाठच्या गाळाला ओएसएल चालतं, म्हणजे गाळाला शेवटचा उजेड कधी लागला ते सांगणारी पद्धत, पण तो नमुना उजेड लागू न देता लोखंडी नळीत ठोकून काढावा लागतो. नमुना काढून झाल्यावर पद्धत ठरवणाऱ्यांचे नमुने मी कपाटात धूळ खाताना पाहिले आहेत. त्यांना एकदा ऊन लागलं की ओएसएलसाठी ते मेले.

दुसरी पायरी: आहे ती प्रयोगशाळा शोधा

आय-स्टेम हे केंद्र सरकारचं पोर्टल २०२० च्या जानेवारीत सुरू झालं. सरकारी पैशातून घेतलेली यंत्रं देशात कुठे आहेत, याची ती यादी आहे. नोंदणी करा, यंत्राचं नाव टाका, जवळची संस्था शोधा आणि वेळ मागा. यादीत आहे म्हणून यंत्र चालू असेलच असं नाही, म्हणून अर्ज करण्याआधी तिथल्या तंत्रज्ञाला फोन कराच. प्रयोगशाळेच्या प्रमुखापेक्षा तंत्रज्ञ जास्त खरं सांगतो: डिटेक्टर कधी बदलला, रांग किती, भूवैज्ञानिक नमुने घेतात की फक्त औषध कंपन्यांचे.

विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची 'सैफ' केंद्रं म्हणजे प्रगत विश्लेषण यंत्रांची सामायिक केंद्रं. मुंबईच्या आयआयटीतलं केंद्र आपल्याकडे सगळ्यांच्या ओळखीचं. विद्यापीठांना आणि महाविद्यालयांना इथे उद्योगांपेक्षा कमी दर लागतो. मात्र अर्जावर विभागप्रमुखाची सही आणि शिक्का हवा. तो नसेल तर अर्ज तसाच पडून राहतो.

खास भूविज्ञानाच्या प्रयोगशाळा या झाल्या: हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था, म्हणजे एनजीआरआय (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची, म्हणजे सीएसआयआरची, १९६१ पासून), देहरादूनची वाडिया हिमालय भूविज्ञान संस्था, लखनौची बीरबल साहनी पुराविज्ञान संस्था, तिरुवनंतपुरमचं राष्ट्रीय पृथ्वी विज्ञान अभ्यास केंद्र, भूचुंबकत्वासाठी नवी मुंबईची आयआयजी. कालमापनासाठी दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरमध्ये पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या पैशातून राष्ट्रीय भूकालमापन सुविधा उभी राहिली आहे. तिथे कार्बनबरोबर बेरिलियम-१० सारखी मोजमापंही होतात. विद्यापीठातल्या संशोधकाने तिथे प्रस्ताव द्यायचा, वापरकर्त्यांच्या समितीने तो मान्य केला की यंत्राची वेळ मिळते. दोन-तीन पानांच्या त्या प्रस्तावात मंत्रालयाला मागायच्या मोठ्या निधीची तालीमही होऊन जाते.

नमुना न काढताही बरंच काम होतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं 'भूकोश' पोर्टल आणि डिसेंबर २०२३ मध्ये खुलं झालेलं राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडार यांवर भूवैज्ञानिक नकाशे, भूरासायनिक आणि भूभौतिक सर्वेक्षणाची माहिती नोंदणी करून मिळते. पावसाची चौकटवार दैनिक आकडेवारी पुण्याच्या हवामान विभागाकडून फुकट उतरवता येते. भूकंपांची यादी राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या संकेतस्थळावर आहे. प्रस्तावात 'उपलब्ध माहितीचा आढावा' या मथळ्याखाली नुसते जुने शोधनिबंध टाकू नका. ही माहिती उतरवून तुमच्या भागाचा एक नकाशा करा आणि तो जोडा. परीक्षकाचं अर्धं मन तिथेच वळतं.

मध्येच: नमुना कसा कुटायचा

याबद्दल कुठल्याच अर्जात विचारत नाहीत, म्हणून इथे थोडा थांबतो. प्रयोगशाळा कितीही भारी असो, तुम्ही पाठवलेली पावडर खराब असेल तर निकाल खराबच येणार.

दगडाची बाहेरची झिजलेली साल हातोडीने काढून टाका. उरलेल्या ताज्या भागाचे वाटाण्याएवढे तुकडे करा, धुवा, वाळवा. मग दळणं. पावडर २०० मेशच्या चाळणीतून, म्हणजे साधारण ७५ मायक्रॉनच्या खाली, जायला हवी. चिमटीत घेतली तर मैद्यासारखी लागते, रवाळपणा जाणवता कामा नये. प्रत्येक नमुन्यानंतर भांड्यात स्वच्छ क्वार्ट्‌झ दळून टाकून द्यायचा. मग ढीग करून त्याचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन बाजूला काढायचे, असं पुरेशी पावडर उरेपर्यंत.

दळायचं भांडं कशाचं आहे, हे विचारा. माझे पहिले अठरा नमुने मी एका प्रयोगशाळेत टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यात दळून आणले. भांडं चकचकीत, पावडर सुरेख. निकाल आले तेव्हा कोबाल्ट आणि टँटलमचे आकडे असे फुगलेले की माझ्या बेसाल्टमध्ये खाण निघावी. ते दोन्ही भांड्यातून आलेले होते. सगळे नमुने पुन्हा अगेटच्या, म्हणजे अकीक दगडाच्या, भांड्यात दळले, तीन महिने गेले. रेड बोलवर दुर्मिळ मूलद्रव्यं मोजायची असतील तर अगेटच. वेळ दुप्पट लागतो, लागू दे.

आणि पिशवीवर नाव लिहिताना पिशवीच्या आतही एक चिठ्ठी टाका. मार्करची शाई प्रवासात पुसते.

तिसरी पायरी: शिकून घ्या, बहुतेक वेळा फुकट

प्रशिक्षणाकडे लोक प्रमाणपत्रासाठी बघतात. खरं तर ती ओळखी करायची जागा आहे. दहा दिवस ज्या वैज्ञानिकाच्या हाताखाली यंत्र शिकलात, तो पुढे तुमच्या नमुन्यांना नाही म्हणत नाही.

हवामान आणि वातावरणासाठी पुण्याची आयआयटीएम. १९६२ सालची ही संस्था पाषाण रस्त्यावर आहे, महाबळेश्वरला ढगांचा अभ्यास करणारी तिची उंचावरची प्रयोगशाळा आहे, आणि पृथ्वी विज्ञानात कुशल मनुष्यबळ तयार करण्याचा मंत्रालयाचा कार्यक्रम इथूनच चालतो. समुद्रविज्ञानासाठी हैदराबादच्या इन्कॉइसमधलं आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र छोटे अभ्यासक्रम घेतं. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची प्रशिक्षण संस्थाही हैदराबादलाच, तिची क्षेत्रीय केंद्रं वेगळी. आपल्या मध्य विभागाचं मुख्यालय नागपुरात असल्याने विदर्भातल्या महाविद्यालयांनी तिथे एकदा प्रत्यक्ष जाऊन चौकशी करावी. भूजलासाठी रायपूरची राजीव गांधी राष्ट्रीय भूजल प्रशिक्षण आणि संशोधन संस्था. दूरसंवेदनासाठी देहरादूनच्या आयआयआरएसचे घरबसल्या करायचे अभ्यासक्रम. ते मी प्रत्येक एमएस्सीच्या मुलाला करायला लावतो, कारण त्यांना पैसे लागत नाहीत आणि परीक्षा खरी असते.

शाळेतल्या मुलांसाठी भारतीय राष्ट्रीय पृथ्वी विज्ञान ऑलिंपियाड आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत भारत २००७ पासून उतरतो आणि २०१३ ची स्पर्धा म्हैसूरला झाली होती. ग्रामीण भागातल्या शिक्षकांना याची गंधवार्ता नसते. नववी ते बारावीत भूगोल आणि भौतिकशास्त्र दोन्ही आवडणारं पोरगं हाताशी असेल तर त्याला हे सांगा.

पीएचडीसाठी सरळ रस्ता नेट किंवा गेटचा. सीएसआयआरच्या नेटमध्ये पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रह विज्ञान असा स्वतंत्र विषय आहे, गेटमध्ये भूविज्ञान आणि भूभौतिकीची प्रश्नपत्रिका. केंद्राची जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे आणि दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ, झाल्यावर ४२,०००, घरभाडं वेगळं. नेट निघालं नाही म्हणून हातपाय गाळू नका. मंजूर प्रकल्पांत जेआरएफची पदं निघत असतात. शिवाय महाराष्ट्रात पीएचडीला नोंदणी झालेल्यांसाठी बार्टी, सारथी आणि महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्ती आहेत. आपण कुठल्या संस्थेच्या गटात बसतो ते पाहून अर्ज करायचा, आणि जातीचं प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर वगैरे कागद जाहिरातीआधीच तयार ठेवायचे. तहसील कचेरीला तुमची अंतिम तारीख माहीत नसते.

संशोधनात खंड पडलेल्या महिलांसाठी विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचा वाइज-किरण कार्यक्रम आहे. तो भूविज्ञानातल्या फार कमी जणी वापरतात, आणि क्षेत्रकार्य, बाळंतपण आणि नोकरी यांच्या ओढाताणीत सर्वांत जास्त मुली गळतात त्या आपल्याच विषयातून, असं माझं निरीक्षण आहे.

चौथी पायरी: एकच दगड, कुठलं दार?

आता आपण निधीपाशी आलो. प्रत्येक खात्याला दगडातलं काहीतरी वेगळं हवं असतं, आणि हे न ओळखता एकच प्रस्ताव पाच ठिकाणी टाकला तर पाचही ठिकाणांहून परत येतो.

पृथ्वी विज्ञान मंत्रालय २००६ साली आत्ताच्या रूपात आलं. त्याआधी १९८१ पासून ते महासागर विकास विभाग होतं. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याच्या सगळ्या योजना 'पृथ्वी' या एका छत्राखाली आणल्या आणि २०२१ ते २०२६ साठी ४,७९७ कोटी रुपये ठरवले. आत पाच उपयोजना: हवामान, महासागर, ध्रुवीय प्रदेश आणि हिमावरण, भूकंप आणि भूविज्ञान, आणि पाचवी 'रीचआउट', म्हणजे संशोधन, शिक्षण, प्रशिक्षण आणि प्रसार. बाहेरच्या विद्यापीठांना मिळणारा पैसा मुख्यतः या पाचवीतून येतो. पुढच्या काळासाठीची रचना आणि रक्कम मंत्रालयाच्या ताज्या जाहिरातीवरून पाहून घ्या, जुन्या अर्जाचा नमुना वापरू नका. या मंत्रालयाचं मन सेवेत आहे: अंदाज, इशारा, धोका. म्हणून रेड बोल इथे न्यायचा तर प्राचीन हवामानाचा धागा पकडून. प्रचंड ज्वालामुखीच्या काळात वातावरणात काय बदललं, झीज किती वेगाने झाली, आणि हवामानाच्या प्रारूपांना त्याचा उपयोग काय.

कोयनेवर काम करणाऱ्यांना मात्र हे दार सताड उघडं आहे. कोयना धरणाचा शिवाजीसागर जलाशय भरायला लागल्यानंतर काही वर्षांत, ११ डिसेंबर १९६७ ला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, आणि त्या पट्ट्यात आजही धक्के बसतात. एवढ्या छोट्या भागात, एवढी वर्षं, धरणाच्या पाण्याशी जोडलेले भूकंप जगात फार कमी ठिकाणी आहेत. म्हणून मंत्रालयाने कऱ्हाडला बोअरहोल भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा काढली आणि कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल प्रायोगिक विवर खणलं. बेसाल्टच्या जाड पांघरुणाखालच्या ग्रॅनाइटपर्यंतचे गाभे, म्हणजे खणताना निघणारे दगडाचे दंडगोल, त्यातून हाती आले. सातारा-सांगली-कोल्हापूरच्या विभागांना जागतिक दर्जाचं काम एसटीच्या अंतरावर आहे. तिथे जाऊन एकदा गाभ्यांची पेटी उघडून बघा.

खाण मंत्रालयाला खनिज हवं. त्यांचे संशोधन प्रस्ताव 'सत्यभामा' पोर्टलवर जातात, आणि स्टार्टअप व लघुउद्योगांसाठीची प्रिझम योजना नागपूरच्या जवाहरलाल नेहरू अ‍ॅल्युमिनियम संशोधन केंद्रामार्फत चालते. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियान मंजूर झाल्यापासून लिथियम, दुर्मिळ मृदा, व्हॅनेडियम हे शब्द तिथे जोरात आहेत. आमच्या प्राध्यापिकेच्या रेड बोलमध्ये दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं खरंच साठली असतील तर हे दार. नसतील तर शब्द घुसडू नका. परीक्षकांत सर्वेक्षणातून निवृत्त झालेले लोक असतात, त्यांनी त्या घाटात पायी फिरून नकाशे केलेले असतात.

एएनआरएफ, म्हणजे अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान, २०२३ च्या कायद्याने आलं आणि जुनं विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळ (एसईआरबी) त्यात विलीन झालं. शुद्ध विज्ञानाचा प्रश्न असेल तर हे तुमचं घर. नुकत्याच रुजू झालेल्या प्राध्यापकांसाठी पंतप्रधान अर्ली करिअर अनुदान, मुरलेल्यांसाठी प्रगत संशोधन अनुदान, पीएचडीनंतर राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती. 'पेअर' योजनेत मोठी संस्था केंद्रस्थानी राहून राज्य विद्यापीठांना सोबत घेते. तुमचं विद्यापीठ त्यात कुठल्या केंद्राशी जोडलं आहे हे कुलसचिव कार्यालयात विचारा. बऱ्याचदा विभागापर्यंत बातमीच पोचलेली नसते.

यंत्र खरोखर हवंच असेल, आणि वीस-तीस संशोधक ते वापरणार असतील, तर विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची २००० सालापासूनची फिस्ट योजना आहे. ती व्यक्तीला मिळत नाही, पदव्युत्तर विभागाला किंवा महाविद्यालयाला मिळते.

बाकीची दारं थोडक्यात. इस्रोचा रिस्पॉन्ड कार्यक्रम, उपग्रहाच्या माहितीवर काम असेल तर. ३० जुलै २०२५ ला जमिनीची हालचाल टिपणारा निसार उपग्रह गेल्यापासून दरडी आणि जमीन खचण्यावर काम करणाऱ्यांना इथे चांगले दिवस आहेत. अंटार्क्टिका किंवा आर्क्टिकसाठी गोव्याचं ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र प्रस्ताव मागवतं. मैत्री, भारती आणि हिमाद्री या स्थानकांवर विद्यापीठांचे संशोधक तिथूनच जातात. राज्यात राजीव गांधी विज्ञान आणि तंत्रज्ञान आयोग. भूजलावर काम असेल तर निधी कुठूनही येवो, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात आधी जा. १९७२ पासूनची ही यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी ठेवून आहे, त्या तुम्हाला जन्मात स्वतः गोळा करता येणार नाहीत.

पाचवी पायरी: प्रस्ताव

उद्दिष्टं तीन. चौथं लिहिलंत की समिती विचारते, हे तीन वर्षांत होईल? आणि ती बरोबर असते.

उद्दिष्टात क्रियापद मोजता येण्यासारखं हवं. 'सखोल अभ्यास करणे' याला काही अर्थ नाही. 'तीन घाटांतल्या रेड बोलमधली चिकणमातीची खनिजं ओळखून झिजेचा निर्देशांक काढणे' याला आहे. पद्धतीच्या भागात पहिल्या पायरीचा तो कागद जसाच्या तसा उतरवा, आणि ज्या प्रयोगशाळेत मोजमाप होणार तिचं संमतीपत्र जोडा. फोनवरचा होकार जोडता येत नाही.

वेळापत्रक पावसाकडे बघून आखा. घाटात क्षेत्रकार्य ऑक्टोबर ते मे. मंजुरीचे पैसे बऱ्याचदा आर्थिक वर्षाच्या अखेरीस येतात, जाहिरात देऊन जेआरएफ नेमेपर्यंत जून उजाडतो, आणि मग पोरगा चार महिने खिडकीतून पाऊस बघत बसतो. ते चार महिने आधीच वाचन, नकाशे आणि प्रशिक्षण यांना देऊन टाका. अभयारण्यात किंवा राखीव जंगलात नमुने घ्यायचे असतील तर वनखात्याची परवानगी लागते, तिलाही याच वेळेत लागा.

अंदाजपत्रकात ठरलेली डोकी, म्हणजे खर्चाची शीर्षकं (हेड), असतात: मनुष्यबळ, उपकरणं, उपभोग्य वस्तू, प्रवास, आकस्मिक खर्च, संस्थेचा वरखर्च. क्षेत्रकार्याचा प्रवास आणि परिषदेचा प्रवास वेगळे दाखवा. प्रयोगशाळेचं शुल्क कशात टाकायचं हे त्या योजनेच्या नियमात पाहा, कारण प्रत्येक खात्याचं वेगळं असतं. प्रत्येक रकमेपुढे एक ओळीचं कारण: तीस नमुने, म्हणून एवढे. उपकरण मागत असाल तर किमतीत जीएसटी धरा. संशोधन संस्थांना पूर्वी ५ टक्क्यांची सवलत होती, ती जुलै २०२२ मध्ये गेली. जुन्या प्रस्तावावरून आकडे उचलणारे इथे हमखास फसतात. आणि यंत्राबरोबर त्याची खोली, थंड हवा, स्थिर वीज, पाच वर्षांची देखभाल. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण कुणीतरी प्रयोगशाळेत उभं राहूनच काढली असावी. एका ठिकाणी मी नवंकोरं यंत्र दीड वर्ष खोक्यात पाहिलं, कारण त्याला लागणाऱ्या वीजजोडणीचा खर्च कुठल्याच डोक्यात बसत नव्हता.

मुख्य संशोधक निवृत्तीच्या जवळ असेल तर सहसंशोधक तरुण घ्या. संस्थाप्रमुखाचं पत्र योजनेच्या ठरलेल्या मसुद्यातच घ्या, आपल्या शब्दांत नको. संस्था पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी निधी वाटपाच्या प्रणालीवर, नोंदलेली आहे ना, ट्रस्टचं महाविद्यालय असेल तर स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीचा दर्पण क्रमांक आहे ना, हे लेखापालाला आजच विचारा.

समितीपुढे दहा मिनिटं मिळतात. पहिली स्लाइड घाटातल्या त्या कड्याच्या फोटोची ठेवा, बाजूला हातोडी ठेवून काढलेल्या. संस्थेचा इतिहास नको. हमखास येणारा प्रश्न असतो, "हे आधी झालंय, मग तुम्ही काय वेगळं करणार?" त्याचं उत्तर एका वाक्यात पाठ हवं. आणि "यातले निम्मेच पैसे दिले तर काय कराल?" याचंही. दुसऱ्या प्रश्नाला 'मग जमणार नाही' म्हणू नका आणि 'सगळंच करू' असंही म्हणू नका. तीनाऐवजी दोन घाट, सोळा नमुने, असं सांगा.

नकार आला तर परीक्षकांचे शेरे मागून घ्या. माझा दुसरा प्रस्ताव पहिल्याच्या शेऱ्यांवर उभा होता.

सहावी पायरी: पैसे आल्यावर

इथे विज्ञान संपतं आणि वह्या सुरू होतात. मंजुरीपत्रातल्या डोक्यांनुसार वेगळी वही ठेवा. खरेदी सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरून आणि सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे (जीएफआर). वैज्ञानिक उपकरणांच्या थेट खरेदीची मर्यादा जून २०२५ मध्ये १ लाखावरून २ लाखांवर नेली आहे, पण तुमच्या संस्थेने तो बदल स्वीकारून आदेश काढला आहे का ते पाहा, नाहीतर लेखापरीक्षक जुन्याच नियमावर बोट ठेवेल. अनुदानावर व्याज जमलं तर ते तुमचं नसतं, सरकारला परत जातं.

३१ मार्चनंतर खर्चाचं विवरण आणि जीएफआर १२-ए नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं. ते गेल्याशिवाय पुढचा हप्ता निघत नाही. पोराची फेलोशिप अडते ती दिल्लीत अडलीय असं सगळे समजतात, निम्म्या वेळा ती आपल्याच लेखा विभागातल्या सहीसाठी थांबलेली असते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात स्वतः त्या टेबलापाशी जाऊन बसा, चहा तुम्हीच मागवा.

प्रकल्प संपताना उरलेली पावडर प्रयोगशाळेकडून परत मागवा. प्रत्येक नमुन्याची वीस-तीस ग्रॅम पावडर काचेच्या बाटलीत, आत-बाहेर चिठ्ठी, सोबत अक्षांश-रेखांश आणि घाटातल्या त्या वळणाचा फोटो. रस्ता रुंद होईल, कडा कापला जाईल, आणि पुढच्या कुणाला नवं मोजमाप करायचं असेल तेव्हा तो थर फक्त तुमच्या कपाटात असेल.